वजें नको, वाटा द्या

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की फोंड्याच्या बाजारात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक माटोळीवाली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या छतासाठी कांगलां, घागऱ्या, आंबाडे, सुपारीची शिपटं शोधत फिरणारी. दुसरी हातात यादी घेऊन नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, आणि लाडवांची ऑर्डर द्यायला आलेली. यांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं असतं आणि पहिल्या चवथीचं वजें पोचवायचं असतं.

गोव्याबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेराहून सासरी नेवऱ्या, लाडू, चकल्या, फळं, नारळ, माटोळीचं सामान जातं आणि सासरचे ते वाड्यावर, म्हणजे वस्तीत, घरोघर वाटतात. गोम आहे ती या वाटण्यात. कारण मग वजें किती, हे माहेरच्या ऐपतीवर ठरत नाही, सासरच्या वाड्यावर ठरतं. "आमचं काही मागणं नाही हो, पण वाड्यावर शंभरेक घरं आहेत," एवढं विहीणबाई हसत हसत बोलून जातात. पुढचा हिशेब मुलीच्या बापाने करायचा. पूर्वी डोक्यावरच्या टोपलीतून जायचं ते आता पिकअप भरून जातं, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि पुढच्या वर्षी ज्यांच्या मुलीची पाळी आहे त्यांच्या पोटात गोळा येतो. वाटलेल्या त्या लाडवांपैकी निम्मे कोणी खात नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. या ऑर्डरींवर गावोगावच्या बायकांच्या स्वयंसहाय्य गटांची चवथ होते. श्रावणात रात्र रात्र बसून नेवऱ्यांच्या मुरडी घालणाऱ्या बायका मी बघते. त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही. पण तो पैसा लोकांनी आपापल्या घरच्या फराळासाठी खुशीने दिला तरी त्यांच्यापर्यंत पोचेलच की.

मला खरं बोलायचंय ते वेगळंच. गोव्यात मुलीला मुलाच्या बरोबरीने वारसा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली, आणि २०१२ च्या आपल्या वारसा कायद्यानेही हा हक्क तसाच ठेवला. आईबापांनी मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांमुलींसाठी राखीवच राहते. बाकीच्या देशात, काही राज्यं सोडली तर, हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळायला २००५ उजाडलं. मग आपण एवढे पुढारलेले, तर बहिणींच्या नावावर कुळागरं (नारळी-पोफळीच्या बागा), घरं कितीशी दिसतात? बाप गेला की वर्षाच्या आत कागद तयार होतात. "सही कर गे, कुठे जाणार आहे घर? चवथीला तू येणारच." आणि ती करते. हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात माहेरवाशीण म्हणून पातोळ्या खायच्या.

वजें हा मला या सहीचा जोडीदार वाटतो. मुलीला काहीतरी दिल्याचं समाधान घरच्यांना मिळतं, फक्त ते तिच्या हातात पडत नाही, शेजाऱ्यांच्या तोंडात पडतं.

"हौस असते हो आईबापांना," असं कोणीतरी खाली लिहीलच. असेल. मग त्या पैशाची मुदत ठेव तिच्या नावावर करा, आणि गणपतीपुढे ठेवायला घरच्या चार नेवऱ्या न्या. सासवांनी एवढंच करावं, वाड्यावरची घरं मोजून दाखवू नयेत.

परवा एका लग्नात हा विषय निघाला तर नात्यातले एक भाऊ भडकले. बहिणी वाटे मागायला लागल्या तर मूळ घरातली चवथ मोडेल, म्हणाले. त्यांच्या बहिणीचं वजें दोन पिकअपांतून गेलं होतं. तिची सही त्याच महिन्यात झाली, आणि सोबत नवऱ्याचीही लागते म्हणून जावईबापूंना खास जेवायला बोलावलं होतं.