बैठकांमुळे बाळं दगावली म्हणे!

माझी भाची पहिलटकरीण आहे. सातवा महिना लागलाय, घणसोलीला राहते, नवरा रबाळ्याला शिफ्ट ड्युटी करतो. परवा तिचा मेसेज आला, “मावशी, हे खरं आहे का गं? आईंनी पाठवलंय. म्हणतात, आता त्या बैठकीला जाऊ नकोस.” खाली तोच फॉरवर्ड, जो गेले काही दिवस ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात आणि भिशीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींसकट फिरतोय. ग्रुपवर कोण काय टाकतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही. पण त्यावरून घरातल्या गरोदर पोरीला घरी बसवणार असतील तर बोलावंच लागेल.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. गरोदर बायकांना आणि नव्या आयांना शिकवण्याचे सगळे प्रकार, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या बैठका, आशाताईंच्या घरभेटी, मोबाइलवरचे कॉल, निव्वळ फुकट गेलेत. ‘हे मुंबईतल्याच मोठ्या संशोधनात सिद्ध झालंय. जिथे बैठका घेतल्या तिथे बाळं जास्त दगावली.’ तेव्हा जुन्या वाटेला लागा: पहिले तीन दिवस चीक पिळून टाका, बाळाला मध चाटवा, उन्हाळ्यात उकळून गार केलेलं पाणी पाजा. आपल्या आज्या कुठल्या क्लासला गेल्या होत्या? आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी, क्लास लावायचाच असेल तर पैसे भरून चांगला लावा. खाली फोन नंबर.

संशोधनापासूनच सुरू करते, कारण बाकीचा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे. आणि पंचाईत अशी की ते संशोधन खरंच झालेलं आहे.

‘स्नेहा’ या संस्थेने २००६ ते २००९ या काळात मुंबईतल्या ४८ वस्त्यांमध्ये ही चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा २४ वस्त्या निवडल्या, तिथे बायकांचे गट बांधले, उरलेल्या २४ मध्ये बांधले नाहीत. तीन वर्षांत १८,१९७ जन्मांची नोंद झाली. २०१२ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. तो निराश करणारा होता, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. गरोदरपणातल्या तपासण्या, दवाखान्यातली बाळंतपणं, लवकर अंगावर पाजणं, यातल्या कशातच गटांच्या वस्त्या दुसऱ्यांपेक्षा सरस निघाल्या नाहीत. आणि हो, पहिल्या महिन्यात दगावलेल्या बाळांचं प्रमाण गटांच्या वस्त्यांत जास्त निघालं.

फॉरवर्डवाला इथे थांबतो. त्याच निकालात पुढे आहे की मृत जन्मलेल्या बाळांचं प्रमाण त्याच वस्त्यांत कमी होतं, जरी तो फरक योगायोगाने पडावा इतका लहान होता. दोन्ही मृत्यू एकत्र मोजले तर दोन्हीकडच्या वस्त्यांत धरून चालावा असा फरक उरतच नाही. तीन आकड्यांतला सोयीचा तेवढा उचलला आणि ‘बैठकांमुळे बाळं दगावली’ असं ठोकून दिलं. मला कोणीतरी तो मार्ग तरी समजावून सांगा. चार बायका चटईवर बसून धाप लागलेलं बाळ कसं ओळखायचं यावर बोलल्या, आणि त्या बोलण्याने बाळ दगावलं?

संशोधकांनी काय निष्कर्ष काढला? मुंबईसारख्या शहरात दवाखाने भरपूर आहेत, पण गरिबातल्या गरिबाला ते सारखे मिळत नाहीत. तेव्हा नुसते गट बांधून भागणार नाही. सेवा खालच्या थरापर्यंत न्यायला हवी आणि सरकारी, खाजगी दोन्हीकडच्या उपचारांचा दर्जा सुधारायला हवा. बायकांनी घरी बसावं, असं त्यात कुठे लिहिलंय ते दाखवा.

बरं, जवळजवळ हीच पद्धत ‘एकजुट’ संस्थेने झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात वापरली. तिचा निकाल २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी गट असलेल्या भागात हजार जन्मांमागे ३६ नवजात बाळं दगावली, गट नसलेल्या भागात ६४. तिथे बाळंतपणं बहुतेक घरी होत होती. नाळ कशाने कापायची, बाळाला कोरडं करून लगेच गुंडाळायचं की नाही, हे सगळं घरच्या बायकांच्याच हातात होतं, म्हणून बोलण्याचा थेट परिणाम झाला. पुढे २०१३ साली अशा सात चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या, त्यात मुंबईची नापास झालेली चाचणीही होती. तिला धरूनसुद्धा नवजात मृत्यू २३ टक्क्यांनी कमी भरले. जिथे गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के गटात येत होत्या, तिथे ३३ टक्क्यांनी.

म्हणजे कोणती पद्धत कुठे चालते आणि कुठे नाही, हे कळण्यासाठीच या चाचण्या असतात. ‘अमुक प्रकारे, अमुक ठिकाणी शिकवून उपयोग झाला नाही’ याचा ‘बायकांना शिकवूच नका’ असा अर्थ काढणं हा शुद्ध ध चा मा आहे.

भाची जाते त्या बैठकीतच याचा नमुना बघायला मिळाला. मी एकदा तिच्यासोबत गेले होते. पहिला अर्धा तास रटाळ. भिंतीवर तक्ता, सिस्टर वाचून दाखवतायत, लोहाच्या गोळ्या, हिरव्या पालेभाज्या. बायका माना डोलावतायत, एक जण खुशाल मोबाइलवर. मग सिस्टरनी पिशवीतून कापडी बाहुली काढून भाचीच्या हातात दिली. “घे, पाज हिला.” भाचीने बाहुली उताणी धरली आणि मान वळवून तोंड छातीशी नेलं. सिस्टर म्हणाल्या, “तू अशी मान वळवून पाणी पिऊन दाखव बघू.” सगळ्या खिदळल्या. मग बाळाचं पोट आईच्या पोटाला, डोकं आणि पाठ एका रेषेत, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं स्तनाग्र नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, असं तिच्याकडून करून घेतलं. तक्त्यावरचं भाचीला आज काही सांगता येत नाही. बाळ कसं धरायचं ते उशी घेऊन दाखवते. तेव्हा बैठका कंटाळवाण्या असतात, हजेरीच्या सहीपुरत्या असतात, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. त्या सुधारा म्हणा ना.

फोनवरच्या कॉलचंही असंच. सरकारच्या ‘किलकारी’ योजनेच्या रेकॉर्ड केलेल्या कॉलची मध्य प्रदेशात पाच हजारांवर गरोदर बायकांमध्ये चाचणी झाली. बाळाला फक्त आईचंच दूध देण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही, पाळणा लांबवण्याची साधनं वापरणाऱ्या मात्र वाढल्या. फोनवरचा आवाज बाळाची मान सरळ करू शकत नाही, यात नवल ते काय?

आता चीक. सगळ्यात जास्त संताप मला याचाच आला, कारण हा सल्ला वाचून कुणीतरी तो पाळणार आहे.

चीक पिवळसर, घट्ट आणि थोडाच असतो, म्हणून ‘हिला दूधच आलं नाही’ अशी घरभर ओरड होते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला एका वेळी चमचाभर पुरतं. त्या चमच्यात संसर्गाशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात, म्हणून तर त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. ते मोरीत पिळून टाकायचं आणि चांदीच्या बोंडल्यातून काय द्यायचं, तर मध! मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आधी शी अडते, रडणं क्षीण होतं, बाळ मान टाकतं, दूध ओढत नाही, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हा आजार दुर्मीळ आहे, मान्य. पण बाळाला ज्याची काडीची गरज नाही त्यासाठी तो धोका घ्यायचाच कशाला? ‘आमचा मध गावचा, शुद्ध’ हे सांगू नका. बीजाणूंना गाव कळत नाही, आणि घरच्या गॅसवर गरम करून ते मरतही नाहीत.

दुसरं नुकसान सावकाश होतं. बाळ ओढेल तसं दूध उतरतं. मध चाटून पेंगलेलं बाळ ओढत नाही, मग दूध कमी, मग चौथ्या दिवशी मेडिकलमधून पावडरचा डबा. आणि शिकवायची गरज नाही म्हणणाऱ्यांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९ ते २०२१ चे आकडे: देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. दवाखान्यापर्यंत पोचूनही निम्म्याहून जास्त ठिकाणी ही साधी गोष्ट राहून जाते.

पाण्याचं एका ओळीत. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. ठाण्याचा मे महिना असला तरी सहा महिने बाळाला वरचं पाणी लागत नाही. आईला पाजा.

आशाताई ‘नुसते फॉर्म भरायला’ येतात म्हणे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. वजन, ताप, श्वास मोजायचे, आई कशी पाजते ते बघायचं. याचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्यात नुसती शिकवण नव्हती, जंतुसंसर्गावर औषधोपचारही होता, हे सांगायला हवं. तुमच्याकडे येणारी ताई घाईत असेल, दोन भेटींची सही एकदम घेत असेल, तर तक्रार करा. दार लावून घेऊ नका.

राहता राहिल्या आज्या. त्यांचं काही बरोबर होतंच. बाळंतिणीला सव्वा महिना कामाला जुंपायचं नाही, खोलीत माणसांची वर्दळ नको, बाळ उबेत ठेवायचं, हे सगळं आजचे डॉक्टरही सांगतील. पण ‘आमची काय वाईट झाली’ हे म्हणायला जगलेलीच उरतात. १९७१ साली देशात हजारामागे १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० साली तो आकडा २८ वर आला.

आणि तो शेवटचा फोन नंबर. मी लावून बघितला. नऊ आठवड्यांचा क्लास, वेलचीच्या वासाचं तेल आणि एक सीडी. सीडी! विचारलं, तुमच्याकडून गेलेल्या किती जणींनी तासाभरात बाळाला पाजलं, कधी मोजलंय का? पलीकडची बाई म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे सगळ्या समाधानी असतात.” ज्या चाचणीचा दाखला देऊन हे लोक गिऱ्हाईक गोळा करतायत, तिथल्यांनी निदान १८,१९७ जन्म मोजले, आणि आकडा स्वतःच्या विरुद्ध गेला तरी छापला.