कबड्डीच्या डोळ्यांनी बास्केटबॉल

२०२५ चा आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला झाला, बंगळुरूने अठराव्या हंगामात एकदाचा चषक उचलला, आणि दोनच दिवसांनी इकडे अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका सुरू झाली. ओक्लाहोमा सिटी विरुद्ध आमचे इंडियाना पेसर्स. भारतात तो पहिला सामना ६ तारखेला सकाळी सहाला दिसणार होता. पुण्यातल्या आतेभावाला मी गळ घातली, की क्रिकेट संपलंय, आता चहा घेता घेता हे बघ. त्याने निम्मा बघितला आणि घरच्या ग्रुपवर निकाल लावून टाकला. इकडून तिकडे पळतात, बास्केट टाकतात, तिकडून इकडे पळतात, बास्केट टाकतात. जी गोष्ट शंभर वेळा होते तिला टाळ्या काय वाजवायच्या? शेवटची दोन मिनिटं बघितली की पुरे, आणि ती दोन मिनिटं तर संपतच नाहीत! काकांनी वर शेरा मारला, ‘ताडमाड माणसांचा खेळ. हात वर केला की झालं.’ मावशीने त्यावर अंगठा दिला.

मी राहतो ते कोलंबस इंडियाना राज्यातलं. ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं. पुण्यातही असलेल्या कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय इथे असल्यामुळे कोथरूड-कर्वेनगरची माणसं या गावात बरीच भेटतात. आणि इंडियाना म्हणजे बास्केटबॉलची पंढरी. शेतावरच्या गोठ्याच्या भिंतीवर रिंग ठोकलेली दिसते. न्यूकॅसल नावाच्या गावाची वस्ती वीस हजारांच्या आत, पण तिथल्या हायस्कूलच्या बंदिस्त क्रीडागृहात आठ हजारांच्या आसपास माणसं बसतात. इथे राहून हा खेळ टाळता येत नाही. त्यामुळे घरच्यांचे आक्षेप मला एकेक करून तपासावेसे वाटले.

‘सारखे बास्केट पडतात’ हे मुळात खरं नाही. एनबीएमध्ये खेळता खेळता मारलेल्या फेकींपैकी निम्म्याहून जास्त चुकतात. एकेक संघ ११०-११५ गुण करतो म्हणून आपल्याला वाटतं की सगळंच आत जातंय. बास्केट पडला की फलक बदलतो आणि चुकला की बदलत नाही, आणि आपण क्रिकेटवाले फलक वाचायला शिकलेली माणसं. धावा किती, गडी किती, चेंडू किती उरले, एवढं कळलं की क्रिकेटमध्ये खरोखरच सामन्याची निम्मी गोष्ट कळते. बास्केटबॉलमध्ये ५७-४५ या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही.

गंमत म्हणजे हीच तक्रार आता घरी क्रिकेटबद्दल ऐकू येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये हैदराबादने बंगळुरूविरुद्ध २० षटकांत २८७ धावा केल्या, तेव्हा याच आतेभावाने लिहिलं होतं की षटकाराची किंमत राहिली नाही. इकडे तोच सूर तीन गुणांच्या फेकींबद्दल लागतो. एनबीएने त्यासाठीची रेषा १९७९ मध्ये आखली; तिच्याबाहेरून मारलेली फेक आत गेली की दोनाऐवजी तीन गुण. २०२४-२५ मध्ये बॉस्टनच्या संघाने हंगामभरात दोन गुणांपेक्षा तीन गुणांच्या फेकी जास्त मारल्या, आणि जुने प्रेक्षक कडाकडा बोटं मोडतात. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. पाच-पाच जण रेषेबाहेर उभे राहून नेम धरत बसले, की तो सामना नेमबाजीचा सराव वाटतो. फरक इतकाच, की इथे बचाव करणाऱ्याला त्यावर उत्तर शोधायला जागा आहे. आखडलेल्या सीमारेषेपुढे गोलंदाजाला तेवढी उरलेली नाही.

मग बघायचं काय? माझं उत्तर घरच्यांना चमत्कारिक वाटतं : क्रिकेट विसरा आणि कबड्डी आठवा. कबड्डी बघताना आपण फलकाकडे बघत नाही. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकला की आपली नजर त्याच्या हाताऐवजी कोपरारक्षकाच्या पायांवर जाते. साखळी किती आत वळली, मधल्याने पाऊल पुढे टाकलं का, चढाईपटूने हूल दिली ती खरी की बोनसच्या रेषेसाठी. गुण मिळण्याच्या दोन सेकंद आधीच घरातलं कोणीतरी ‘गेला, गेला!’ म्हणून ओरडतं. गुण ही त्या दोन सेकंदांची फक्त पावती.

बास्केटबॉल नेमका असाच आहे. पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन चेंडू घेऊन रिंगसमोर लांब उभा आहे असं समजा. त्या मोसमात उंचापुरा माइल्स टर्नर येऊन हॅलिबर्टनवर पहारा देणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. याला स्क्रीन म्हणतात. आता पहारेकऱ्याने त्या भिंतीच्या पुढून जायचं की मागून? पुढून गेला तर हॅलिबर्टन एक पाऊल सुटतो आणि आत घुसतो. मागून गेला तर तो तिथेच थांबून तीन गुणांची फेक मारतो. टर्नरच्या पहारेकऱ्याने मदतीला यावं तर टर्नर मोकळा सुटतो, बाहेर सरकतो, आणि एवढ्या उंचीचा असूनही त्याला लांबून मारता येतं. तेवढ्यात कोपऱ्यातला तिसरा पहारेकरी मोहाने अर्धं पाऊल आत येतो. त्या अर्ध्या पावलासाठीच सगळा घाट घातलेला असतो. चेंडू कोपऱ्यात जातो, तिथला गडी मारतो, आणि तो चुकतोसुद्धा. पण ओळखणाऱ्याने पहारेकऱ्याचं पाऊल हललं तेव्हाच ‘गेला’ म्हटलेलं असतं. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं. कबड्डी बघणाऱ्याला यात नवीन शिकण्यासारखं थोडंच असतं, कारण सात जणांची साखळी वाचणाऱ्या डोळ्याला पाच जणांची जड जात नाही. फुटबॉल मला आवडतो, पण तिथे हीच गोष्ट शंभर मीटर लांबीच्या मैदानावर पसरलेली असते आणि कॅमेरा चेंडूपाठी असतो. इथे २८ मीटरच्या आत दहाही माणसं सतत नजरेत राहतात.

दोन्ही खेळांत आणखी एक साम्य आहे ते घड्याळाचं. चढाईला ३० सेकंद, बास्केटबॉलच्या फेकीला २४. हा आकडा आला कुठून ते सांगण्यासारखं आहे. जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हा वेळेचं असं बंधन नव्हतं. त्यामुळे आघाडी मिळाली की संघ चेंडू धरून बसायचे. १९५० मध्ये फोर्ट वेन या इंडियानाच्याच संघाने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं. पूर्ण सामन्यात दोघांचे मिळून ३७ गुण! तो सामना माझ्या आतेभावाला दाखवायला हवा. बास्केट कमी पडले की खेळ किती रंगतो ते कळेल. शेवटी सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये एनबीएत फेकीचं हे घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, आलं. हिशेब साधा होता : चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० फेकी मारतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार केला, २४ आले. संघाची सरासरी एका हंगामात ७९ वरून ९३ गुणांवर गेली.

त्याच १९५४ च्या मार्चमध्ये इंडियानात आजही सांगितली जाते ती गोष्ट घडली. मायलन या चिमुकल्या गावाच्या हायस्कूलने राज्याच्या अंतिम सामन्यात बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवलं. शेवटची फेक बॉबी प्लंप या पोराची. पण त्याआधी चौथ्या सत्रात हाच प्लंप चेंडू हातात धरून चार मिनिटांहून जास्त वेळ नुसता उभा होता. लोक फेकीची आठवण काढतात, उभं राहिल्याची सहसा काढत नाहीत.

आपल्याकडे ही अक्कल सत्तर वर्षांनी आली असं मी म्हटलं की ग्रुपवर भांडण होतं. पण आयसीसीने दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळ लावलं ते २०२३ च्या अखेरीस, तेही आधी चाचणी म्हणून. बारावा गडी हातमोजे घेऊन आत-बाहेर करतो तो वेळ कुठल्याही खेळाच्या सौंदर्यात धरू नये, एवढंच माझं म्हणणं.

‘शेवटची दोन मिनिटंच बघावीत’ हा आक्षेप त्या ६ तारखेच्या सामन्याने वरवर खरा ठरवला. पेसर्स त्या सामन्यात एकदाच आघाडीवर आले, हॅलिबर्टनच्या फेकीने, आणि तेव्हा घड्याळात ०.३ सेकंद उरलं होतं. १११-११० ने जिंकले. आतेभावाने लगेच लिहिलं, बघ, बाकीची ४७ मिनिटं फुकट गेली. मुळीच नाही! पहिल्या अर्ध्यात पेसर्सनी १९ वेळा चेंडू गमावला होता आणि तरीही मध्यंतराला ते फक्त बारा गुणांनी मागे होते. त्या चुकांचं ओक्लाहोमाला पुरेसं सोनं करता आलं नाही, इथेच सामना जिवंत राहिला होता. चौथ्या सत्रात पंधरा गुणांची पिछाडी होती, ती दोन-दोन, तीन-तीन करत उतरत गेली. हे ज्याने बघितलं नाही त्याला शेवटची फेक म्हणजे नुसती लॉटरी वाटणार. फोनवर तुकडे बघणाऱ्यांचा हा खेळ कंटाळवाणा असल्याचा ग्रह त्यातूनच होतो. तुकड्यांत फक्त आत गेलेल्या फेकी असतात. तिथे मोडलेली साखळी दिसतच नाही.

त्याआधी दोन आठवडे न्यूयॉर्कमध्ये झालेला सामना तर मी विसरणार नाही. २१ मे, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना पेसर्स १४ गुणांनी मागे होते. त्यांच्या आरन नेस्मिथने लांबून एकामागून एक टाकायला सुरुवात केली आणि अंतर दोनावर आलं. अखेरच्या क्षणी हॅलिबर्टनने मारलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, उंच उडाला, इतका उंच की सगळ्यांना मान वर करायला वेळ मिळाला, आणि सरळ आत पडला. तीन गुण, म्हणजे जिंकलोच, असं समजून हॅलिबर्टनने स्वतःचा गळा आवळल्याची खूण केली. १९९५ मध्ये याच मैदानावर नऊ सेकंदांत आठ गुण करणारा पेसर्सचा रेजी मिलर समालोचनाला बसला होता आणि ती खूणही त्याचीच. मग रिप्लेत दिसलं की बुटाचं टोक रेषेवर आहे. दोनच गुण, म्हणजे बरोबरी. जादा वेळेत पेसर्स १३८-१३५ ने जिंकले तेव्हा कुठे त्या खुणेला अर्थ आला.

काकांच्या ताडमाड माणसांबद्दल थोडक्यात. मग्सी बोग्स हा पाच फूट तीन इंचांचा गडी एनबीएत १४ हंगाम खेळला. आणि मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी काही ताडाची झाडं पिकवली नव्हती, तरी तिथूनच भारताचा कर्णधार अब्बास मुंतसिर निघाला आणि त्याला १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. अलीकडे महिला संघाचं नेतृत्व करणारी शिरीन लिमये पुण्याची. आमच्या पिढीच्या शाळांत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान बहुतेक ठिकाणी होतं. त्यावर कवायत व्हायची, स्नेहसंमेलनाचा मांडव पडायचा आणि एरवी सरांच्या स्कूटर लागायच्या. त्या पिढीने प्रेक्षक म्हणून हा खेळ नाकारला, यात खेळाचा दोष किती? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे दोन संघ वरळीच्या डोममध्ये खेळून गेले, सॅक्रमेंटो आणि आमचे पेसर्स. पहिल्या सामन्याला हजारो शाळकरी पोरं होती आणि निकाल जादा वेळेत १३२-१३१ असा लागला. त्या पोरांना कोणी ‘शेवटची दोन मिनिटं बघा’ असं सांगायला गेलं नसावं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी हात टेकतो. शेवटची दोन मिनिटं खरोखर संपत नाहीत. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो, समोरचा दोन फ्री थ्रो, म्हणजे बिनअडथळ्याच्या फेकी, मारतो, मग टाइमआउट, मग जाहिराती, मग पंच पडद्यासमोर वाकून तेच चित्र दहादा बघतात. आयपीएलच्या अडीच मिनिटांच्या टाइमआउटला आपण नावं ठेवतो, इथे तर त्याची माळ लागते. यावर उपाय सुचवला तोही इंडियानातल्याच माणसाने. मन्सीच्या बॉल स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक निक एलम यांच्या पद्धतीत अखेरच्या टप्प्यात घड्याळ बंद करतात. पुढे असलेल्या संघाच्या गुणांत ठरावीक गुण मिळवून लक्ष्य जाहीर करायचं, आणि जो आधी तिथे पोहोचेल तो जिंकला. फाउल करून वेळ काढण्यात अर्थच उरत नाही. एनबीएने २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात ही पद्धत वापरली, तेव्हा चौथ्या सत्रात त्या प्रदर्शनी सामन्यातही जीव तोडून बचाव झाला होता. धावांचा पाठलाग बघत वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे एका वाक्यात कळतं. पण लीगच्या नेहमीच्या सामन्यांत ही पद्धत आलेली नाही. जाहिरातींचं उत्पन्न बघता लवकर येईल असं वाटत नाही.

८२ सामन्यांचा सगळा हंगाम मीही बघत नाही. जानेवारीतल्या मंगळवारच्या सामन्यांना खेळाडूच कंटाळलेले दिसतात. ग्रुपवर विचारलं तर मी सांगतो की एप्रिलच्या मध्यानंतर, बाद फेरी सुरू झाली की बघा. एकाच जोडीचे चार ते सात सामने सलग होतात आणि पहिल्या सामन्यातली हूल चौथ्या सामन्यात चालत नाही, हे दिसतं. भारतात ते पहाटे पाच ते सकाळी नऊच्या सुमारास लागतात. चौथ्या सत्राची शेवटची दोन मिनिटं उरली की उठून फोडणी टाकावी आणि पोहे परतून घ्यावेत. परत येईपर्यंत फार तर चाळीस सेकंदांचा खेळ झालेला असतो.