जाड खिळा म्हणजे पक्की पट्टी? नेल गनच्या त्या मेसेजला उत्तर

सध्या लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. घरातल्या चौकटीच्या पट्ट्या, बीडिंग, स्कर्टिंग स्वतः बसवायचं असेल तर नेल गन, म्हणजे हवेच्या दाबावर किंवा विजेवर खिळा ठोकणारं यंत्र, कोणती घ्यावी, हा त्याचा विषय. मेसेज लांबलचक आहे, पण त्यातलं सांगणं एवढंच: गन मोठीच घ्या, कारण खिळा जितका जाड तितकी पट्टी पक्की. काँक्रीटची गन घेतली तर लाकूड आणि भिंत दोन्ही एकाच गनमध्ये होतात. गनने ठोकलं की फेव्हिकॉल लागत नाही. बॅटरीची गन म्हणजे खेळणं. आणि ट्रिगर दाबून धरून ठोकत सुटलं तर खोली तासाभरात उरकते, सुताराची गरज उरत नाही.

मी लातुरात फर्निचरचं काम करतो. हा मेसेज वाचून गन घेतलेली माणसं नंतर फाटलेल्या पट्ट्या दाखवायला बोलावतात. सागाच्या पट्टीला आज काय पैसे पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

"खिळा जितका जाड तितकी पट्टी पक्की"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. आधी गेजचा, म्हणजे खिळ्याच्या जाडीच्या मापाचा, हिशोब समजून घ्या. गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. १५ गेजचा खिळा साधारण १.८ मिलिमीटर जाड, १६ गेजचा १.६, १८ गेजचा १.२, आणि २३ गेजची पिन जेमतेम ०.६ मिलिमीटर. आपल्याकडच्या दुकानात १८ गेजचे खिळे 'एफ' नावाने मिळतात. एफ-३० म्हणजे ३० मिलिमीटर लांब. एफ-३० गन ३० पर्यंतचे खिळे घेते, एफ-५० गन ५० पर्यंतचे. 'टी-५०' म्हणून मिळते ती १६ गेजच्या जाडीची.

आता पट्टीचं काम काय असतं ते बघा. चौकट आणि प्लास्टर यांच्यामधली फट झाकणं. तिच्यावर ना दाराचं वजन येतं, ना कपाटाचं. तिला आयुष्यभर धरून ठेवतो तो गोंद. गोंद सुकेपर्यंत पट्टी जागेवरून हलू नये, एवढंच खिळ्याचं काम. त्यासाठी १.२ मिलिमीटरचा खिळा पुरून उरतो.

जाड खिळा मात्र लाकडात पाचरीसारखा शिरतो आणि त्याचे तंतू दोन्हीकडे रेटतो. पट्टीच्या मधोमध ते खपून जातं, टोकाला खपत नाही. औसा रोडवरच्या एका घरात दाराच्या पट्ट्या बघायला बोलावलं होतं. १२ मिलिमीटर जाडीची, ५० रुंदीची सागाची पट्टी, आणि कोपऱ्याच्या ४५ अंशाच्या कापापासून बोटभर अंतरावर १६ गेजचा, ५० मिलिमीटरचा खिळा. ठोकला त्या दिवशी काही दिसलं नसणार. खिळ्यापासून कापाच्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली होती, तिच्यावरून पॉलिश फिरलं. एप्रिलच्या उन्हात लाकूड आटलं, चीर उघडली आणि आत साचलेलं पॉलिश काळ्या रेघेसारखं दिसायला लागलं. घरमालक विचारत होते, "मिस्त्री, लाकूडच खराब लागलं का?" लाकूड चांगलं जुनं होतं. नखाने चीर उघडून आतला खिळा दाखवला तेव्हा काकांना पटलं.

मग जाड खिळ्याचा सल्ला आला कुठून? तो अमेरिकन व्हिडिओंतून आलाय, आणि तिथे तो बरोबर आहे. तिथली भिंत म्हणजे लाकडी उभे खांब आणि त्यावर साधारण १२ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. पट्टीतून निघालेला खिळा बोर्ड पार करून मागच्या खांबात जायला हवा, आणि बोर्ड स्वतः खिळा धरत नाही. म्हणून तिथे दाराच्या रुंद पट्टीला १५ किंवा १६ गेज, ५० ते ६५ मिलिमीटर, असं सांगतात. आपल्याकडे पट्टी थेट लाकडी चौकटीवर नाहीतर प्लायवर बसते, मध्ये पार करायला काहीच नाही. तिथली अडचण नसताना तिथला उपाय उचलला की पट्टी फाटते.

आपल्या घरासाठी पहिली गन १८ गेजचीच घ्या. खिळ्याची लांबी पट्टीच्या जाडीच्या अडीच ते तीनपट धरा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या पट्टीला ३० ते ३५. शोकेसच्या काचेला अडवणारी आठ-दहा मिलिमीटरची बीडिंग असेल तर तीही १८ गेजने फाटू शकते. तिथे २३ गेजची पिन वापरावी. पिनला डोकंच नसतं, म्हणून पॉलिशच्या कामात भोक शोधूनही सापडत नाही. पण डोकं नाही म्हणजे पकडही नाही, त्यामुळे पिनसोबत गोंद लागतोच.

१६ गेज कधीच नको असंही म्हणणार नाही. वीस मिलिमीटरहून जाड भरीव पट्टी, जिन्याच्या पायरीची लाकडी कड, अशा ठिकाणी ती शोभते. आणि जुन्या वाड्यातली बाभळीची चौकट असेल तर कुठलीच गन आणू नका. तिथे १८ गेजचा खिळा आत जाताना मुडपतो आणि बाजूने बाहेर येतो. बारीक बिटने भोक पाडून हाताने चुका मारणं हाच खरा मार्ग. वेळ लागतो, पण त्या चौकटी पुन्हा मिळणार नाहीत.

"काँक्रीट गन घ्या, लाकूड-भिंत दोन्ही होईल"

काँक्रीटची गन म्हणजे बाजारातली एसटी-६४. तिचा खिळा कडक पोलादाचा, अंगाने दोन मिलिमीटरहून जाड, वर टी आकाराचं डोकं. १२ मिलिमीटरच्या सागाच्या पट्टीत तो मारला तर काय होतं ते वर वाचलंच आहे. शिवाय डोक्याचं भोक एवढं मोठं की पुट्टी भरून पॉलिश केलं तरी पट्टीवर ठिपक्यांची रांग दिसते.

भिंतीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे, कारण मराठवाड्यात 'भिंत' एका प्रकारची नाही. जुन्या घरात पांढऱ्या मातीची किंवा मातीत बसवलेल्या काळ्या दगडाची. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागात उभी राहिलेली बरीच घरं काँक्रीट ब्लॉकची. त्यानंतरची लाल विटेची, परळीच्या औष्णिक केंद्राकडच्या राखेच्या विटांची, आणि आता शहरात हलक्या एएसी ब्लॉकची. प्रत्येक ठिकाणी हाच खिळा वेगळा वागतो. मातीच्या भिंतीत तो बोटाने ओढला तरी निघतो. काळ्या दगडावर आदळला तर वाकून उलटा येऊ शकतो. आरसीसी कॉलममध्ये सळई लागली तरी तेच. एएसी ब्लॉकमध्ये जातो लोण्यासारखा, पण पकड धरत नाही. विटेच्या भिंतीत पकड बरी, पण कडेला मारला की प्लास्टरचा पापुद्रा उडतो आणि स्कर्टिंगच्या वर खड्डा दिसत राहतो.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी फरशीलगत लागणारी पट्टी, बसवायची सरळ पद्धत अशी. ड्रिलने सहा मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी, आणि स्क्रूने प्लायची रीप (अरुंद पट्टी) भिंतीला पक्की करायची. भिंत कुठे आत-बाहेर असेल तर रिपेमागे पातळ तुकडे घालून ती ओळंब्यात आणायची. मग त्या रिपेवर गोंद लावून स्कर्टिंग, आणि वरून १८ गेजचे खिळे. भिंतीचं काम स्क्रूचं, लाकडाचं काम खिळ्याचं. पुढे कधी फरशी बदलायची झाली तर स्कर्टिंग अलगद निघतं, प्लास्टर सोलून येत नाही.

मोठं फर्निचर उभं करणाऱ्या मिस्त्रीकडे काँक्रीट गन असते आणि भिंतीवर फ्रेम मारताना तिचा उपयोगही होतो. पण ते काम वेगळं. घरातल्या पट्ट्यांसाठी ती पहिली आणि एकुलती गन म्हणून घेऊ नका.

"गनने ठोकलं की फेव्हिकॉल लागत नाही"

लागतो. १८ गेजच्या खिळ्याचं डोकं जेमतेम दोन मिलिमीटरचं. उन्हाळ्यात लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं, आणि नुसत्या खिळ्यांवर धरलेली पट्टी दोन-तीन ऋतूंत कडेला उचलते.

सागाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साग तेलकट असतो. गोंद लावायच्या आधी मागची बाजू थिनरच्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. चौकटीवर आधीचं पॉलिश किंवा ऑइलपेंट असेल तर पट्टी बसणार तेवढा भाग खरवडून लाकूड उघडं करावं, कारण पांढरा गोंद रंगाला धरत नाही. आणि एप्रिल-मेच्या दुपारी सगळ्या पट्ट्यांना एकदम गोंद लावून ठेवू नका. आपल्याकडच्या कोरड्या उष्ण हवेत त्यावर लगेच साय धरते आणि मग पट्टी चिकटल्यासारखी वाटते, पण चिकटत नाही. एका पट्टीला लावा, ती बसवा, मग दुसरी घ्या.

"बॅटरीची गन खेळणं आहे"

इथे मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या वस्तू एक धरल्यात. वायर लावून चालणारी स्वस्त इलेक्ट्रिक गन वेगळी. तिच्यात तांब्याची कॉइल असते, ती दांडा खाली ओढते. सागात ३० चा खिळा मारला की बरेचदा दोन मिलिमीटर वर राहतो आणि मग हातोडी घ्यावीच लागते. तिच्याबद्दल मेसेज खरं बोलतो. नावाजलेल्या कंपन्यांची १८ व्होल्टची बॅटरी गन ही वेगळी गोष्ट. डिवॉल्टच्या गनमध्ये मोटर जड चाक फिरवते आणि त्या चाकाचा जोर खिळ्यावर येतो. मिलवॉकीच्या गनमध्ये नायट्रोजन भरलेला सिलिंडर असतो. या गन सागात १८ गेजचा खिळा नीट बसवतात.

त्यांच्या खऱ्या उणिवा दोन. किंमत, जी साध्या एफ-३० गन आणि तिला हवा पुरवणाऱ्या छोट्या कंप्रेसरच्या एकत्र किमतीहून कितीतरी जास्त पडते. आणि वजन. हवेची गन सव्वा-दीड किलोची, बॅटरीची अडीच-तीनच्या घरात. शिडीवर उभं राहून छताच्या पट्ट्या मारताना हा फरक मनगटाला कळतो.

पण आपल्या भागात कंप्रेसरलाही विजेची अडचण आहे. एक एचपीचा कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर जळते. घरातल्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर ती सुरूच होत नाही. शहरात, वीज स्थिर असेल तर २४-२५ लिटर टाकीचा छोटा कंप्रेसर पट्टीच्या कामाला भरपूर झाला. १८ गेजची गन हवा फार खात नाही. गावाकडचं घर असेल आणि बॅटरीचा ड्रिल आधीच घेतला असेल, तर त्याच कंपनीची, त्याच बॅटरीवर चालणारी गन बघा, बॅटरीचा खर्च वाचतो.

कंप्रेसर घेतलात तर टाकीच्या तळाची चावी रोज काम संपल्यावर उघडून पाणी काढा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि कंप्रेसर नाही म्हणून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर गनला जोडायचं मनातही आणू नका. गनमध्ये तेल असतं. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

"ट्रिगर दाबून धरा, सुताराची गरज नाही"

सुताराचं आधी सांगतो. गन फक्त ठोकते. चौकटीचा कोपरा गुण्या (काटकोन मापायचं साधन) लावून बघा, क्वचितच नेमका ९० अंशाचा निघतो. ९१ असेल तर दोन्ही पट्ट्या साडेपंचेचाळीसला कापाव्या लागतात, नाहीतर सांध्यात फट राहते आणि कुठलीही गन ती मिटवत नाही. हे शिकता येतं, जरूर शिका, पण ते गनसोबत डब्यात मिळत नाही.

ट्रिगर दाबून धरायचा सल्ला मात्र ताबडतोब पुसून टाकावा असा आहे. असं ठोकता येणाऱ्या गनमध्ये ट्रिगर दाबलेला असताना गनचं नाक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो, मग ती पट्टी असो की पट्टी धरलेला तुमचा हात. अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये ठेकेदारांसाठी नेल गनच्या सुरक्षेची पुस्तिका काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की अशा ट्रिगरने इजा होण्याचा धोका एकेरी क्रमाच्या ट्रिगरपेक्षा दुप्पट असतो. एकेरी क्रम म्हणजे आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा, आणि पुढच्या खिळ्याला दोन्ही सोडून पुन्हा तसंच. पट्टीच्या कामात एका पट्टीला खिळे मोजकेच लागतात, घाई करून मिळवायचं काय?

पट्टी धरलेला हात खिळ्याच्या लांबीहून लांब ठेवा. १८ गेजच्या खिळ्याचं टोक पटाशीसारखं चपटं असतं, गाठ लागली की ते वळून पट्टीच्या कडेतून बाहेर निघतं आणि तिथे बोट असतं. आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-चार मारून खिळा कुठल्या बाजूला वळतो ते पाहून घ्या आणि गन तशी धरा. डोळ्यांवर चष्मा हवाच. खिळा अडकला तर आधी हवेचा पाइप किंवा बॅटरी काढा, मगच नाक उघडा.

बाजारातल्या काही स्वस्त एफ-३० गनना नाकाशी सेफ्टीच नसते. म्हणून दुकानात खिळे न भरता हवा जोडायला सांगा, गन जमिनीकडे धरा आणि नाक कशालाही न टेकवता ट्रिगर दाबून बघा. 'खट' आवाज आला तर ती गन घेऊ नका, कितीही स्वस्त देत असले तरी.