चौथं कडवं

चर्चच्या गायनवृंदात माझी निवड आवाजावर झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी एकच ओळ ऐकून वृंद बसवणाऱ्या बाईंनी ऑर्गन थांबवायला लावला, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमची नजर कशी आहे?"

तेव्हापासून मी नजर ठेवतो. आमचा ऑर्गन वरच्या सज्जावर आहे आणि वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे. त्याला खालचं दिसावं म्हणून समोर आरसा लावलाय, पण त्याचा पारा नेमका वेदी दिसते तिथेच उडालाय. म्हणून मी. खाली काय चाललंय ते बघायचं आणि अजून किती कडवी घ्यायची ते बोटांनी दाखवायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. मिस्सेत, म्हणजे आमच्या कॅथलिक उपासनेत, गाणं कधी संपायचं हे गाणं ठरवत नाही. प्रवेशाचं गाणं फादर वेदीपर्यंत पोहोचेतो, अर्पणाचं त्यांचे हात धुऊन होईतो, ख्रिस्तशरीराचं, म्हणजे पवित्र भाकर वाटतानाचं, ती घ्यायला आलेल्यांची रांग संपेतो. आमचे तरुण फादर गाडी सुटत असल्यासारखे चालतात. पहिलं कडवं संपायच्या आत वेदीशी हजर. म्हातारे फादर वाटेतल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर हात ठेवतात. चारही कडवी संपतात, ऑर्गनवाला मनाने काहीबाही वाजवत राहतो, आणि फादर अजून पाचव्या बाकाशीच.

खरं संकट मात्र चौथ्या कडव्याचं. आमच्या एका लाडक्या गीतात पहिल्या कडव्यात जन्म, दुसऱ्यात चमत्कार, तिसऱ्यात क्रूस आणि चौथ्यात पुनरुत्थान आहे. मी तिसऱ्यावर मूठ मिटली की प्रभू कबरीतच राहतो. असं मी त्याला कितीदा ठेवलंय, याचा हिशेब एक दिवस द्यावा लागणारच आहे.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टर या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या दिवसांत, तर काय थांबवायचं याचीच धास्ती. त्या दिवसांत 'आलेलुया' हा स्तुतीचा आनंदघोष म्हणायचा नसतो. ते बरोबर त्याच दिवसांत जिभेवर येतं. मी एकदा नुसतं गुणगुणलो, तर उंच आवाजाच्या बायकांची पूर्ण सोप्रानो रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी 'ग्लोरिया' हे देवाच्या गौरवाचं गीत झालं की ऑर्गनही गप्प होतो, तो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणातल्या 'ग्लोरिया'पर्यंत. मग वृंद आधाराविना गातो. दर कडव्याला सूर थोडा खाली घसरतो आणि शेवटी सगळे माझ्या पट्टीत येऊन पोहोचतात. वर्षातून तेवढ्यापुरता मी सुरात असतो.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, पाइप ऑर्गनचा मान राखला आणि लोकांनी उपासनेत मनापासून भाग घ्यावा, असंही सांगितलं. आमचे लोक भाग घेतात, पण तोंड न उघडता. शेवटच्या गाण्याला तर पहिल्या ओळीलाच बाक रिकामे व्हायला लागतात. त्यात त्यांची चूक तरी काय? विधिपुस्तकात त्या गाण्याला जागाच नाही. 'शांतीने जा' म्हटल्यावर लोक शब्दाला जागतात.

यंदाच्या ईस्टरला ख्रिस्तशरीराची रांग पार दारापर्यंत गेली होती. मी निर्धास्तपणे चार बोटं दाखवली. पण वाटपाला माणसं जास्त होती आणि तिसऱ्या कडव्यालाच रांग संपली. म्हातारे फादर आसनावर बसले, मग प्रार्थनेसाठी उठले. मी सवयीने मूठ मिटली. ऑर्गनवाल्याने हात उचलले.

बाईंनी मागे वळून माझं मनगटच पकडलं. "अहो," त्या कुजबुजल्या, "आज तरी त्याला बाहेर येऊ द्या!"

ऑर्गन पुन्हा घुमला. फादरांनी एकदा वर बघितलं आणि मुकाट्याने खाली बसले.