सरळ दातवाल्याचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली. त्याच रात्री लिहिलेलं उत्तर सकाळी पुसून टाकलं, कारण त्यात मी नुसता स्वतःचा बचाव करत होतो. हे दुसरं.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ‘कलावंतांनी दात करून घ्यायची घाई का करू नये’ असा माझा लेख होता. त्यावर तुम्ही, चौदा वर्षं रंगमंचावर उभ्या असलेल्या अभिनेत्रीनं, मला चांगलंच धारेवर धरलंत. तुमचं म्हणणं असं: दुसऱ्याच्या वाकड्या दातांचं कौतुक करायला स्वतःचं काही जात नाही. मी दिलेली नावं सगळी जिंकलेल्यांची, हरलेल्यांची यादी कोण ठेवतं? आणि पुरुषाचा वाकडा दात ‘व्यक्तिमत्त्व’ ठरतो, बाईचा ‘प्रॉब्लेम’. वरचा पुढचा दात वळलेला असल्यामुळे तुमची दोन कामं गेली. दंतवैद्यानं दोन वाटा दाखवल्यात आणि पाच आठवड्यांनी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. शेवटचं वाक्य होतं, ‘तुमचे स्वतःचे दात कसे आहेत हो?’

शेवटापासून सुरू करतो. माझे दात सरळ आहेत, आणि ते मुळात तसे नव्हते. बाराव्या वर्षी तार बसवली, ती दोन वर्षं होती. गालाला आतून जखमा व्हायच्या, शाळेत चिडवायचे, पण निर्णय आईवडिलांचा होता आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. केली असती तर खोटी ठरली असती, कारण फायदा मी आजवर घेतोय. अशा माणसानं ‘सरळ करणं म्हणजे चेहऱ्याची ओळख पुसणं’ असं वाक्य लिहावं, हे मलाच आता वाचवत नाही. ते वाक्य लेखातून काढलं आहे.

आता नावांबद्दल. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं उदाहरण मी गरजेपेक्षा जास्त ठासून दिलं होतं. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जादा होते, त्यांनी पुढचे दात बाहेर ढकलले होते. ते काढले तर आवाज बिघडेल, या भीतीनं त्यानं ते तसेच ठेवले. इथपर्यंत ठीक. पण त्यावरून ‘दातांनी त्याला आवाज दिला’ असं मी लिहून गेलो, ते चूक. स्वर घशात, स्वरतंतूंत तयार होतो. २०१६ साली संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा चर्चा झाली ती त्याच्या आवाजातल्या कंपाच्या वेगाची आणि स्वरतंतूंच्या वापराची. दातांनी स्वराची पट्टी ठरत नाही. गायक डेव्हिड बोवीनं नव्वदच्या दशकात दात करून घेतले आणि त्यानंतरही तो वर्षानुवर्षं गात राहिला, हे मी सोयीस्करपणे गाळलं होतं.

लॉरेन हटनच्या बाबतीत तर तुम्ही माझ्याच उदाहरणानं मला पकडलंत. दोन दातांमधली फट न बुजवता मोठी झालेली मॉडेल म्हणून मी तिचं नाव घेतलं. पण सुरुवातीच्या काळात ती फट मेण भरून झाकायची. १९७३ मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं तिच्याशी करार केला, त्याची तेव्हा केवढी चर्चा झाली! तिथवर पोचेपर्यंत फट लपवणं हाही तिच्या कामाचाच भाग होता. उलट हॉलिवूडचा नट अर्नेस्ट बोर्गनाइनकडे बघा. पुढच्या दातांत तशीच ठसठशीत फट, अंगापिंडानं आडवा माणूस, आणि १९५६ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर घेऊन गेला. तुमचा ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘प्रॉब्लेम’वाला मुद्दा या दोघांना शेजारी उभं केलं की वेगळा सिद्ध करावा लागत नाही. जपानमध्ये एकावर एक चढलेला सुळा, याएबा, मुलींना गोड दिसतो म्हणून काहींनी तो मुद्दाम चिकटवूनही घेतला. मी हे उदाहरण ‘सौंदर्याच्या कल्पना कशा बदलतात’ म्हणून देणार होतो. मग लक्षात आलं, कल्पना बदलली तरी पट्टी घेऊन मोजतात ते बाईचंच तोंड.

एवढं सगळं कबूल करूनही लेख मागे घेत नाही. का, ते माझ्या कामातून सांगतो.

मी नाटकांचा ध्वनी सांभाळतो. प्रयोगभर मागे अंधारात मिक्सरसमोर बसलेला असतो. तिथून मला नटाचे दात दिसत नाहीत, ऐकू येतात. ‘स’ म्हणताना जिभेच्या मधोमध पन्हळ होते, तिच्यातून हवेची बारीक धार निघते आणि पुढच्या दातांच्या कडेवर आपटते. त्या क्षणी वरच्या आणि खालच्या दातांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर असतं. ही कड अर्धा मिलिमीटर जरी लांब झाली तरी धार वेगळ्या जागी आपटते. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. आणि आपल्या भाषेत तर दोन ‘च’ आहेत. ‘चिमणी’तला ‘च’ टाळूकडे, ‘चमचा’तला पार दातांच्या मुळाशी. दातांची आतली बाजू जाड झाली तर हा दुसरा ‘च’ आधी घसरतो.

एका नटानं पुढच्या सहा दातांना नवी आवरणं करून घेतली आणि चार दिवसांनी प्रयोगाला उभा राहिला. दिसायला झकास. माइक केसांच्या रेषेत लावला होता. पहिल्या प्रवेशात ‘साहेब, सही सोडून सगळं सांगतो’ असं वाक्य होतं आणि प्रत्येक ‘स’ला स्पीकरमधून शिट्टी आली. तिसऱ्या शिट्टीला पुढच्या रांगेतलं पोरगं हसलं. ‘स’ची धार साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, तो पट्टा मी दाबला. शिट्टी गेली, पण माणूस पांघरुणाखालून बोलल्यासारखा वाटायला लागला. मध्यंतरात तो मला म्हणाला, ‘माइक बदल रे, खराब आहे.’ माइक चांगला होता. जिभेला नवी जागा सापडेपर्यंत तीन आठवडे गेले, त्यात दौऱ्याचे सगळे प्रयोग होऊन गेले.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मूळ लेखात नव्हतं ही माझी लबाडी. दातांतल्या फटीमुळे किंवा दात फार पुढे असल्यामुळेही ‘स’ फुटतो. अशी एक मुलगी तार लावून, धीर धरून दीड वर्षानं परत आली, तेव्हा तिच्या माइकवरचा डी-एसर, म्हणजे ‘स’ची शिट्टी दाबणारी सोय, मी काढून ठेवला. म्हणजे दात केले की बोलणं बिघडतं, असा नियम नाही. बदललं की बदल ऐकू येतो, एवढंच. आणि तो बदल कधी आणि कुणासाठी करायचा, हे नटानं ठरवावं.

वाद्यवाल्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळलं. ट्रम्पेटचं तोंड ओठांवर दाबतात आणि ओठांना मागून आधार पुढच्या दातांचा असतो. चेट बेकर या ट्रम्पेटवादकाला १९६६ साली मारहाण झाली, दात गेले, कवळी बसवावी लागली, आणि ज्या हवेवर तो इतकी वर्षं जगत होता ती ओठांनी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. म्हणून काही वादक दात धड असतानाच त्यांचा साचा करून ठेवतात. उद्या पडलो, आपटलो तर दंतवैद्याला तोच आकार परत करता यावा म्हणून. नटांनी असं केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. करायला हरकत नाही.

आता तुमच्यापुढच्या दोन वाटा. पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे, काढता-घालता येणारे साचे, वर्षभर किंवा जास्त. नाहीतर चार दात घासून त्यांवर व्हीनिअर, म्हणजे पुढून चिकटवलेली पातळ आवरणं, दोन भेटींत मोकळं. माझा विरोध दुसऱ्या वाटेला आहे, तोही दात निरोगी असतील तरच. व्हीनिअर बसवायला इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावं लागतं. आकडा नखाच्या जाडीएवढाच. पण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात, त्यामुळे घासलेलं परत येत नाही. व्हीनिअर दहापंधरा वर्षांनी बदलावं लागतं, पुन्हा बदलावं लागतं. म्हणजे आजच्या भूमिकेसाठी तुम्ही पन्नाशीतली आणि साठीतली दंतवैद्याची खुर्चीही आत्ताच आरक्षित करताय.

गंमत अशी, की ज्यानं सिनेमाला हे पांढरंशुभ्र हसू दिलं तो चार्ल्स पिंकस हॉलिवूडचा दंतवैद्यच होता, पण १९३०च्या दशकात त्यानं केलेली पातळ आवरणं काढता येणारी होती. कवळीच्या पावडरनं चिकटवायची, शॉट झाला की काढून ठेवायची. बालकलाकार शर्ली टेम्पलचे दुधाचे दात पडत होते तेव्हा पडद्यावर फट दिसू नये म्हणून अशीच आवरणं वापरली. म्हणजे कॅमेऱ्यापुरतं काम कॅमेऱ्यापुरतंच. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोरनं आम्लानं इनॅमल किंचित खरबरीत करून त्यावर पदार्थ पक्का चिकटवण्याची पद्धत मांडली, आणि पुढे तिच्याच जोरावर व्हीनिअर कायमची झाली. चिकटवता येतं म्हणून कायमचं चिकटवायलाच हवं, असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

हिरड्या खराब असतील, दात हलत असेल, दुखत असेल, तर यातलं एक अक्षरही लागू नाही. हॉलिवूडचा नट क्लार्क गेबल याचे बहुतेक दात १९३३ मध्ये हिरड्यांच्या आजारामुळे काढावे लागले. ऐन भरात आलेला हीरो कवळी लावून काम करत राहिला. आजारी दाताला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणणारा मी तरी नाही, आणि लेखात तसा सूर लागला असेल तर माफ करा.

‘भूमिका तुझीच, फक्त दात करून ये’ असं तुम्हाला जे सांगितलं गेलं, त्यावर मला खरा राग आहे. ते तोंडी सांगतात. खर्च तुमचा, दात तुमचे, आणि तीन महिन्यांनी भूमिका भलत्याच कुणाला जाते. मी हे दोनदा जवळून पाहिलं आहे, दोन्ही वेळा मुलीच होत्या. एकीचं व्हीनिअर पुढे कणीस खाताना उडालं, आणि त्याखालचा घासलेला दात आरशात पाहून ती मेकअपच्या खुर्चीत गप्प बसून राहिली. मेकअपवाल्या काकांनी पांढरं मेण मळून तात्पुरतं लावून दिलं. मघाशी तुम्ही मला हटनचं मेण दाखवलंत ना, तेव्हा मला हे मेण आठवलं. कोणी दात घासायला सांगत असेल तर आधी करारात लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर झाली की तुमच्या दाताची किंमत त्यांच्या लेखी किती, ते कळतं.

अलाइनर हवेत तर जरूर घ्या, माझा काहीच आक्षेप नाही, आणि माझा आक्षेप असता तरी तुम्ही विचारू नये. फक्त हिशेब आधी करा. ते दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवेत, म्हणजे उरतात दोन ते चार. जेवण, चहा आणि अडीच तासांचा प्रयोग त्यात बसत नाही. प्रयोगाच्या दिवशी काय करायचं, हे दंतवैद्याला पहिल्याच भेटीत विचारा. लावूनच बोलायचं ठरलं तर तालमीत पहिल्या दिवसापासून लावूनच बोला. आणि काम संपल्यावर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, वापरा. मी कॉलेजात आळस केला, खालचा एक दात हळूच पुन्हा वळला. तोच माझा एकमेव वाकडा दात.

व्हीनिअरच करायचं मनात पक्कं असेल तर या पाच आठवड्यांत नको, पहिला प्रयोग होऊन जाऊ द्या. आणि घासण्याआधी मॉक-अप मागा. न घासता दातांवर कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, तात्पुरता आकार देतात, नंतर काढता येतो. तो लावून नाटकातलं तुमचं सगळ्यात लांब स्वगत मोठ्यानं म्हणा. मग एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोजा. दंतवैद्यही ‘स’ तपासायला आकडे मोजून घेतात, आणि आपल्या साठीत तर ‘स’ची जत्राच आहे. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट हे तीन सलग नीट गेले तर पुढचं निभावतं.

मॉक-अपच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे मोजणं मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा, मी दोन्ही ऐकून काय फरक पडला ते सांगतो. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, समोर धरलात तर दोन्हींत ‘स’ फुटेल आणि आपण उगाच दाताला दोष देत बसू.