कॉलेजात .४०० मारणारा मेजर लीगमध्ये .३०० मारतोच? आकडे तसं म्हणत नाहीत

जुलैतला मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमानं निवडणं, जवळ आला की कॉलेज बेसबॉलबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गाभा असा: कॉलेजच्या मोसमात ज्याची बॅटिंग ॲव्हरेज .४०० च्या वर जाते, तो पुढे मेजर लीगमध्ये .३०० मारतोच मारतो. सोबत चार पुष्ट्या जोडलेल्या असतात. धातूची बॅट सगळ्यांच्याच हातात असते, म्हणून तिचा फरक पडत नाही. जुने विक्रम अजून शाबूत आहेत, म्हणजे जुने बॅटर सरस होते. कॉलेज मोसमाच्या ५६ सामन्यांत खेळाडूचा पुरता अंदाज येतो. आणि वॉक मिळणं (चार वाईट बॉल पडल्यानं बेसवर फुकट जाणं) ही पिचरची चूक, त्याचं श्रेय बॅटरला कशाला?

यातलं एकही विधान तपासणीत टिकत नाही. ते खोडून काढणं गरजेचं आहे, कारण अशा मजकुरावर विसंबून लोक विशी-एकविशीतल्या पोरांना डोक्यावर घेतात आणि दोन वर्षांत ‘फुसका निघाला’ म्हणून मोकळे होतात. पोरगा तोच असतो. मुळात भलताच आकडा वाचलेला असतो.

क्रिकेटची सवय असलेल्यांसाठी आधी हिशोब सांगतो. इथली ॲव्हरेज म्हणजे हिट (फटक्यावर बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (मोजल्या जाणाऱ्या पाळ्या). वॉक, अंगावर बसलेला बॉल, सॅक्रिफाइस बंट आणि सॅक्रिफाइस फ्लाय या पाळ्या ॲट-बॅटमध्ये धरतच नाहीत. फील्डरच्या एररमुळे बेसवर पोचलात तर ॲट-बॅट लागतो, हिट मात्र मिळत नाही. साधी सिंगल आणि होमरन दोन्हींची किंमत सारखीच, एक हिट. थोडक्यात, फटक्यात ताकद किती आणि बॅटर बाद न होता किती वेळा बेसवर गेला, या दोन्ही गोष्टी ॲव्हरेजमध्ये सापडत नाहीत.

“कॉलेजात .४००, तर पुढे .३००”

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, कारकिर्दीची सर्वांत मोठी ॲव्हरेज सदर्न युनिव्हर्सिटीच्या रिकी वीक्सची आहे: .४७३. २००२ मध्ये .४९५ आणि २००३ मध्ये .४७९ मारून दोन्ही वर्षी तो देशात पहिला आला. मिलवॉकी ब्रूअर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर उचललं. मेजर लीगमधली त्याची कारकिर्दीची ॲव्हरेज .२४६. ओक्लाहोमा स्टेटच्या पीट इंकाविलियानं १९८५ मध्ये .४६४ मारली आणि ४८ होमरन ठोकले. मेजर लीगमध्ये त्याचीही .२४६. त्याच कॉलेजच्या रॉबिन व्हेंचुरानं १९८७ मध्ये सलग ५८ सामन्यांत हिट मारली होती. मेजर लीगमध्ये त्याची .२६७. आणि एका मोसमाचा विक्रम, .५५१, ज्याच्या नावावर आहे तो न्यू मेक्सिकोचा कीथ हॅगमन (१९८०) मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

यातले पहिले तिघं अपयशी मुळीच नव्हते. वीक्सनं १६१ होमरन मारले आणि २०११ ची ऑल-स्टार मॅच खेळला. इंकाविलियाचे २०६, व्हेंचुराचे २९४. म्हणजे त्यांच्यात दम होताच, फक्त तो ताकदीच्या आणि वॉकच्या रकान्यांत दिसत होता.

दावा करणारे बस्टर पोझीचं नाव पुढे करतात. उदाहरण खरं आहे: फ्लोरिडा स्टेटकडून २००८ मध्ये .४६३, मेजर लीगमध्ये .३०२. पण त्याची त्या वर्षाची ओळ पूर्ण वाचा. २६ होमरन, आणि स्ट्राइकआउटपेक्षा (तीन स्ट्राइकवर बाद होण्यापेक्षा) वॉक जास्त. त्या दोन गोष्टी झाकून .४६३ एवढंच पाहिलं तर पोझी आणि हॅगमन एकाच रांगेत बसतात.

“बॅट सगळ्यांना सारखीच”

कॉलेजात १९७४ पासून धातूच्या बॅटला परवानगी आहे. मेजर लीगमध्ये लाकडीच. कॉलेजातल्या कॉलेजात तुलना करायची असेल तर बॅट सगळ्यांना सारखी, हे कबूल. पण इथे दावा एका पातळीवरून दुसरीवर नेण्याचा आहे, आणि तिथे बॅट बदलते.

धातूची बॅट पोकळ असल्यामुळे तिचं वजन हातांच्या बाजूला सरकलेलं असतं. ती लवकर फिरते, म्हणून बॅटरला पिच क्षणभर जास्त पाहून मग स्विंग सोडता येतो. जुन्या बॅटांत पातळ भिंत दबून परत उसळायची आणि बॉलला जादा वेग मिळायचा. तो परिणाम आवरायला कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएनं २०११ पासून बीबीकोर हे मानक लावलं. बॉल बॅटवरून किती उसळावा, याची कमाल मर्यादा त्यात .५० आहे. उसळी आटोक्यात आली, तरी वजनाची वाटणी आणि न मोडण्याचा गुण तसाच राहिला.

त्या गुणाचा परिणाम नीट पाहायचा असेल तर हातांजवळ आलेला ९० मैल वेगाचा फास्टबॉल घ्या. लाकडी बॅटच्या मुठीलगतच्या बारीक भागावर तो बसला की बॅट मोडते आणि बॉल लोळत पिचरच्या पायाशी जातो. धातूच्या बॅटच्या त्याच भागावर बसला तर बॅट शाबूत, आणि बॉल तरंगत सेकंड बेसमनच्या डोक्यावरून रिकाम्या गवतात पडतो. कागदावर एक स्वच्छ हिट. मोसमात अशा आठ-दहा हिट मिळालेल्या पोराला बॅटनं हात दिला. बॉल नेहमी बॅटच्या जाड भागावर घेणाऱ्याला तिची तेवढी गरजच पडली नाही. म्हणजे बॅट सारखी असली तरी तिचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, आणि ॲव्हरेज पाहून या दोघांत फरक करता येत नाही.

“जुने विक्रम मोडले नाहीत, म्हणजे जुने बॅटर भारी”

डिव्हिजन वनची एकूण ॲव्हरेज २०१० मध्ये .३०५ होती आणि दर सामन्याला प्रत्येक संघामागे .९४ होमरन. बीबीकोर लागलं त्याच वर्षी, २०११ मध्ये, हेच आकडे .२८२ आणि .५२ वर आले. एका हिवाळ्यात देशभरातल्या पोरांचं कौशल्य आटलं नव्हतं. २०१४ पर्यंत होमरन .३९ वर घसरले, तेव्हा २०१५ पासून उंच शिवणीचा बॉल बदलून चपट्या शिवणीचा आणला. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या चाचणीत ९५ मैल वेगानं, २५ अंशांत सोडलेला चपट्या शिवणीचा बॉल साधारण ३८७ फूट गेला आणि जुना ३६७ फूट. कुंपणापाशी हा २० फुटांचा फरक म्हणजे झेल की होमरन, एवढा. पहिल्याच वर्षी होमरन .५६ वर गेले.

म्हणून ॲव्हरेज नेहमी त्या वर्षाच्या एकूण ॲव्हरेजनं भागून पाहायची. २०१० मधली .३५० म्हणजे .३५० भागिले .३०५, सरासरीपेक्षा १५ टक्के वर. २०११ मधली तीच .३५० म्हणजे .३५० भागिले .२८२, २४ टक्के वर. वर्ष न सांगता दिलेला कॉलेजचा आकडा अर्धवट असतो.

मैदानाचंही तेच. हॅगमनचं घरचं मैदान अल्बुकर्कीत, समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच. हवा विरळ, त्यामुळे बॉल लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल कमी वळतो. उलट ओमाहाच्या नव्या मैदानावर २०१३ आणि २०१४ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये अख्ख्या स्पर्धेत तीन-तीनच होमरन झाले.

इंकाविलियाच्या ४८ चं काय? ते ७५ सामन्यांतले आहेत. आज नियमित मोसमाची मर्यादाच ५६ सामने. जॉर्जियाच्या चार्ली कॉन्डननं २०२४ मध्ये ६० सामन्यांत ३७ मारले. दर सामन्याला .६४ आणि .६२. बॉल कॉन्डनच्या बाजूनं होता, बॅट इंकाविलियाच्या. यावरून पिढ्यांचा निकाल लावणं चूकच. आणखी एक नाव लक्षात असू द्या: ॲरन जज. फ्रेस्नो स्टेटकडून २०११ ते २०१३ या तीन मोसमांत त्याचे होमरन २, ४ आणि १२, एकूण १८. २०१३ मध्ये तो ड्राफ्टमध्ये ३२ व्या क्रमांकावर गेला, आणि २०२२ मध्ये यांकीजकडून त्यानं एका मोसमात ६२ मारले. ते १८ होमरन कुठल्या बॅटनं, कुठल्या बॉलवर निघाले हे ठाऊक नसेल तर ती ओळ साधीच वाटते.

“५६ सामने पुरेसे आहेत”

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. नियमित खेळणाऱ्याला मोसमात साधारण २२० ॲट-बॅट मिळतात. .३०० म्हणजे ६६ हिट, .३५० म्हणजे ७७. फरक ११ हिटचा. मोसम सुमारे १४ आठवड्यांचा, म्हणजे आठवड्याला एक हिटसुद्धा नाही. खरोखर .३२० च्या वकुबाचा बॅटर २२० ॲट-बॅटमध्ये निव्वळ योगायोगानं साधारण ३१ पॉइंट (.०३१) वर किंवा खाली सहज जातो. त्याच पोराचा मोसम .२९० चाही दिसू शकतो आणि .३५० चाही.

यावर उपाय म्हणजे खेळात पडलेल्या बॉलवरची ॲव्हरेज काढणं. सूत्र सोपं आहे: हिटमधून होमरन वजा करा, ॲट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होमरन वजा करून सॅक्रिफाइस फ्लाय मिळवा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा. मेजर लीगमध्ये हा आकडा .३०० च्या आसपास किंवा किंचित खाली असतो. कॉलेजात सर्वसाधारण त्याहून बराच वर, कारण फील्डिंग कच्ची असते आणि इनफिल्डरचा थ्रो उशिरा पोचतो.

दोन काल्पनिक ओळी घेऊ. पहिल्याचे २२५ ॲट-बॅट, ८१ हिट, त्यात १२ डबल, १ ट्रिपल, २ होमरन. १२ वॉक, ३ वेळा अंगावर बॉल, ४८ स्ट्राइकआउट, २ सॅक्रिफाइस फ्लाय. ॲव्हरेज .३६०. दुसऱ्याचेही २२५, पण ७२ हिट, त्यात १६ डबल, १ ट्रिपल, १४ होमरन. ४५ वॉक, ५ वेळा अंगावर बॉल, ३० स्ट्राइकआउट, ३ सॅक्रिफाइस फ्लाय. ॲव्हरेज .३२०. फिरत्या मजकुरात नाव पहिल्याचं येईल.

आता पहिल्याच्या खेळात पडलेल्या बॉलवर ७९ भागिले १७७, म्हणजे .४४६. हे कुणालाच टिकवता येत नाही. पुढच्या वर्षी तो .३४० वर आला, जे अजूनही चांगलंच आहे, तर त्याच्या हिट ६२ होतात आणि ॲव्हरेज .२७६. स्विंग तोच, नजर तीच. दुसऱ्याचा हा आकडा .३१५, म्हणजे त्याच्या ओळीत नशिबाचा फुगवटा नाही. बेसवर पोचण्याचं प्रमाण पहिल्याचं .३९७, दुसऱ्याचं .४३९. स्लगिंग (हिटवर मिळवलेले एकूण बेस भागिले ॲट-बॅट) पहिल्याची .४४९, दुसऱ्याची .५८७. संघाला धावा दुसरा मिळवून देतो.

मनुष्याचा हातही लक्षात घ्यावा लागतो. हिट की एरर हे ठरवणारा स्कोअरर यजमान कॉलेजनं नेमलेला असतो. तो प्रामाणिक असला तरी कॉलेजात फील्डरचे बॉल जास्त सुटतात, आणि प्रत्येक सुटलेला बॉल हा त्याचा निर्णय असतो.

“वॉक म्हणजे पिचरची चूक”

एखाद-दुसरा वॉक तसा असेल. मोसमभर १६ टक्के पाळ्यांत वॉक घेणारा आणि ५ टक्के घेणारा, दोघं त्याच दर्जाच्या पिचरांसमोर उभे असतात. फरक नजरेचा. वॉक आणि स्ट्राइकआउट यांत फील्डर नाही, मैदान नाही, स्कोअररचं मत नाही. आणि बॅटराबॅटरांतलं अंतरही मोठं, म्हणून थोड्या पाळ्यांतही हे प्रमाण बोलकं होतं.

सॅन डिएगोच्या क्रिस ब्रायंटचा २०१३ चा मोसम पाहा. ॲव्हरेज फक्त .३२९. पण ६६ वॉक आणि ३१ होमरन, तेही सर्वांत निर्जीव बॉलच्या काळात. डिव्हिजन वनच्या २९६ पैकी २२३ संघांना त्या वर्षी अख्ख्या संघाचे मिळून तेवढे होमरन जमले नव्हते. स्लगिंग .८२०. शिकागो कब्जनी त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०१५ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित, २०१६ मध्ये सर्वोत्तम खेळाडू. .४०० ची चाळणी लावली असती तर तो खाली गळून गेला असता.

आरबीआयचाही (बॅटरच्या पाळीवर निघालेल्या धावांचा) उल्लेख त्या मजकुरात असतो. तो आकडा बऱ्याच अंशी त्याच्या आधी खेळलेले बॅटर बेसवर किती वेळा होते यावर ठरतो. सोडून द्या.

ओळ कशी वाचायची

आधी वॉक आणि स्ट्राइकआउट एकूण पाळ्यांच्या टक्केवारीत काढा. मग स्लगिंगमधून ॲव्हरेज वजा करा. उरते ती निव्वळ ताकद. वरच्या पहिल्या बॅटरची .०८९, दुसऱ्याची .२६७. त्यानंतर खेळात पडलेल्या बॉलवरचा आकडा. ॲव्हरेज शेवटी, तीही वर्षाच्या सरासरीनं भागून.

मग कॉन्फरन्समधल्या (आपसांत नेमानं खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातल्या) सामन्यांची ओळ वेगळी काढा. शुक्रवार ते रविवार कॉन्फरन्सची मालिका असते आणि शुक्रवारी समोर संघाचा पहिला पिचर. मंगळवार-बुधवारच्या सामन्यांत चौथ्या-पाचव्या फळीचे पिचर येतात, आणि पुष्कळांची ॲव्हरेज तिथेच फुगते. एसईसीसारख्या कॉन्फरन्समध्ये असे ३० सामने मिळतात. एकूण ओळीत .३८० आणि कॉन्फरन्समध्ये .२९० असेल, आणि स्ट्राइकआउटही वाढले असतील, तर वेगवान पिचिंगसमोर काय होतं हे तिथे दिसतं.

शेवटची तपासणी उन्हाळ्यातली. केप कॉड लीग या कॉलेज खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये १९८५ पासून लाकडी बॅट आहे आणि समोर देशभरातले निवडक कॉलेज पिचर. तिथलीही ॲव्हरेज पाहू नका, कारण ॲट-बॅट कॉलेजपेक्षाही कमी. स्ट्राइकआउटची टक्केवारी कॉलेजातल्या टक्केवारीशेजारी ठेवा. थोडी वाढणार हे धरून चाला. ती दीडपट-दुप्पट झाली आणि ताकदही निम्म्यावर आली, तर वसंतातली .४०० कितीही खणखणीत वाटली तरी तिच्यावर विसंबू नका.