आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अन् पंपाला फाशी

पंप गेला म्हणे! काहून गेला? मीटर लावलं का? नाही. नळी सोडून बाटलीत पेट्रोल काढून बघितलं का? तेही नाही. बॉनेट उचललं, कान दिला, टिकटिक ऐकू आली नाही की निकाल तयार: "साहेब, हा टाकून द्या, बुलेटचा बसवतो." जालना असो, लातूर असो, नांदेड असो, जुनी विलायती मॉरिस मायनर मोटार गॅरेजच्या दारात बंद पडली की मिस्त्रीचं हेच पालुपद.

अरे बाबांनो, तो एसयू पंप आहे, टाकीतलं पेट्रोल कार्बुरेटरला पोचवणारा विजेवरचा पंप. मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, इकडं मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला ते हेच साल. तेव्हापासून या पंपात आहे काय? एक कॉइल, एक डायफ्राम म्हणजे लवचिक पडदा, एक स्प्रिंग, दोन झडपा अन् करंट जोडणारी-तोडणारी पॉइंटची जोडी. कॉइल डायफ्राम ओढते, पेट्रोल आत येतं. ओढ पूर्ण झाली की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, मग स्प्रिंग डायफ्रामला ढकलते अन् पेट्रोल कार्बुरेटरकडं जातं. कार्बुरेटरची फ्लोटची वाटी भरली, पेट्रोलची वाट अडवणारी निडल बसली की पंप आपोआप थांबतो. म्हणजे गाडी उभी असताना टिकटिक थांबणं ही पंप ठणठणीत असल्याची खूण! अन् तुम्ही नेमकी त्याच शांततेवर फाशी सुनावता.

मुळीच वाजत नसेल तर आधी करंट बघा. वायर पंपावरून काढून तिच्या टोकाला मीटर लावून "बारा व्होल्ट येतंय की" म्हणणाऱ्याचं मीटर काढून घेतलं पाहिजे. लोड नसताना कुजक्या वायरलाही बाराच दिसणार. वायर जागेवर राहू द्या, एक टोक पंपाच्या टर्मिनलवर, दुसरं थेट पंपाच्या अंगावर लावा. पॉइंट जुळलेले असताना काटा नऊ-दहावर बसला तर दोष पंपाचा नाही. फ्यूजची पट्टी हिरवी पडलेली असते, चावीचा स्विच झिजलेला असतो, नाहीतर अर्थ, म्हणजे करंटची बॉडीतून परतीची वाट, गेलेली असते. अर्थची गोष्ट तर सांगूच नका. गाडीला झकास नवा रंग मारायचा, पंपाच्या ब्रॅकेटखालीही रंगाचा थर चढवायचा, अन् मग महिनाभर "करंट कुठं अडतोय" म्हणून डोकं खाजवायचं. पंपाच्या बॉडीवर अर्थचा स्वतंत्र स्क्रू दिलाय तो शोभेला नाही.

पान्यानं ठोकला की चालतो? मग पॉइंट काळे पडलेत. टोपी काढा, कोऱ्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून दोन-चारदा फिरवा. खरखरीत घासपेपर मारून त्यांचा पृष्ठभाग सपाट करणाऱ्या महाभागांनी निदान मालकाला तसं सांगावं तरी. आणि हो, आधी इग्निशन बंद करा. तिथं ठिणगी पडते अन् शेजारीच पेट्रोल आहे.

आता उलटा प्रकार. मशीनगनसारखी टिकटिक चाललीय, गाडीला मात्र पेट्रोल नाही. हा दोष ओढीच्या बाजूचा असतो: टाकी रिकामी, नळीला चीर, नाहीतर नळीच्या जोडाचं युनियन ढिलं. कार्बुरेटरची नळी सोडा, टोक बाटलीतल्या पेट्रोलात बुडवा. इंजिन गार पाहिजे अन् तोंडात बिडी नको. सारखे बुडबुडे आले तर हवा ओढतोय. बुडबुडे नाहीत, तर मिनिटाला अर्धा लिटर तरी निघालं पाहिजे. टिकटिक रेंगाळत असेल अन् पंप तापत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणाचं श्वासाचं भोक आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं बुजलेलं असतं. झाकण उघडल्याबरोबर टिकटिक सुधारली? मग पाचशे रुपये घेऊन पंप खोलला कशाला? अन् इंजिन बंद, चावी चालू, कार्बुरेटरमधून बाहेर थेंबही गळत नाही, तरी दर काही सेकंदांनी एकेक टिक येत असेल, तर झडपेखाली कचरा बसलाय, पेट्रोल मागं झिरपतंय.

सगळ्यात जास्त संताप उन्हाळ्यात येतो. मे महिन्यात परभणीत पारा बेचाळीसच्या वर, वरातीसाठी जुनी गाडी फुलांनी मढवलेली, पुढं बँड, अन् गाडी मुंगीच्या चालीनं तासभर. या गाडीचा पंप इंजिनच्याच खोलीत, नळी एक्झॉस्टच्या जवळून गेलेली. रेडिएटरला वारा नाही, नळीतलं पेट्रोल उकळतं, पंप नुसती वाफ ओढत पळतो. नवरदेव फेट्यासकट खाली उतरतो अन् मंडपात जाहीर होतं: पंप गेला! गेला नाही, भाजलाय. नळीवर ओलं फडकं टाका, बॉनेट उघडा, दहा मिनिटं थांबा. कायमचा इलाज करायचा तर नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुनी रबरी नळी त्यात फुगते, मऊ पडते. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून गाळणीत येतो. गाडी सहा महिने उभी राहिली तर डायफ्राम वाळून कडक होतो. एवढं सगळं असताना दुकानदार शिक्का नसलेल्या पाकिटातला डायफ्राम "ओरिजनल आहे भाऊ" म्हणून हातात कोंबतो. इथेनॉलला चालणारा आहे का, एवढं विचारलं की तोंड वाकडं.

अन् त्या बुलेटच्या पंपाबद्दल. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसच्या वर पीएसआय (दाबाचं माप) मारतो. या कार्बुरेटरची निडल दीड ते तीन पीएसआयसाठी बनलेली. निडल उचलते, पेट्रोल ओसंडून गरम इंजिनवर पडतं. याला जुगाड नाही म्हणत, गाडी जाळायची सोय म्हणतात. इलेक्ट्रॉनिक पॉइंटचा पंप बसवायचा तर जरूर बसवा, पण जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो हे आधी बघा. वायरी उलट्या लागल्या की सर्किट तिथंच राख.

शेवटी खोलायचाच असेल तर नीट खोला. कॉइलच्या घराचे सहा स्क्रू काढा. डायफ्राम सेट करताना आत फिरवत न्या, रॉकर (पॉइंटची उघडझाप करणारा तुकडा) उलटायचा थांबला की एकेक भोक मागं घ्या. रॉकर जेमतेम उलटू लागला की तिथून आणखी चार भोकं, म्हणजे दोन तृतीयांश फेरा, मागं. हे न करता "अंदाजे" बसवलेला पंप घरी पोचायच्या आत थांबतो, अन् मग शिव्या विलायतेला. जुन्या पंपात डायफ्रामखाली पितळी रोलर असतात, तेही मिस्त्रीच्या टेबलाखाली घरंगळतात अन् कोणी वाकून बघत नाही. काढलेला पंप भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवू नका. मालकाच्या हातात द्या, रोलर मोजून द्या. अकरा.